जेवणाची सुट्टी: सहाच्या पाळीत अकराच्या आत मिळायला हवा तो अर्धा तास

पहिल्या पाळीचं कार्ड सकाळी सहाला पंच झालं, तर अकरा वाजायच्या आत तुमची जेवणाची सुट्टी सुरू व्हायला हवी. साडेअकराला नाही, आणि 'लाइन जरा मोकळी झाली की' तर मुळीच नाही. कारखान्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करवून घ्यायचं नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, हा नियम 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 55 मधून आलेला आहे.

मी अकरा वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पाळीत काम केलं. त्यातली पहिली सहा-सात वर्षं हा नियम मला माहीत नव्हता. सुपरवायझर सोडेल तेव्हा सुट्टी, असंच आम्ही धरून चाललो होतो. "जेवायला चाललो" असं कुणी म्हणायचंच नाही. सगळे विचारायचे, "साहेब, जाऊ का?" आणि साहेब हातानंच थांब म्हणाले, की परत मशीनकडे तोंड करायचं. डब्यातली भाकरी तोवर वातड झालेली असायची. आता कामगारांचे अर्ज लिहून देताना मला रोज तोच प्रश्न ऐकू येतो, मॉलमधल्या मुलींकडून, गेटवरच्या वॉचमनकाकांकडून, कॉल सेंटरच्या पोरांकडून: मागितलेली चालेल ना सुट्टी? म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

हा अर्धा तास कुणी खुशीनं दिलेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला 1890 चा जून उजाडला. दुपारचा अर्धा तास 1891 च्या कायद्यात आला. आज कॅन्टीनच्या रांगेत जो अर्धा तास आपण घालवतो, तो परळ-भायखळ्याच्या गिरण्यांतल्या माणसांनी अंगठे उठवून मिळवलेला आहे. तो मागताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

आधी आपण कुठल्या कायद्यात बसतो ते पाहा

हे पहिलं काम, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कारखान्यात असाल तर नियम वर सांगितलाच. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं घेतली. संहितेत दिवसाचं काम 8 तास धरलं आहे. मधली विश्रांती आणि पाळीचा एकूण पसारा, म्हणजे सुट्टी धरून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ, सरकारनं अधिसूचनेनं ठरवायचा आहे. जुने नियम नव्याच्या विरोधात जात नाहीत तोवर ते चालू राहतात, अशी सोयही संहितेतच आहे. म्हणून "आता कायदाच बदलला, सुट्टीबिट्टी काही राहिली नाही" असं कुणी सांगितलं, तर ते खरं मानू नका. जुन्या कायद्यातही एक सूट होती: मुख्य कारखाना निरीक्षकांच्या किंवा सरकारच्या लेखी आदेशानं पाच तासांचे सहा होऊ शकत. शब्द लक्षात ठेवा, लेखी. व्यवस्थापन "आम्हाला परवानगी आहे" म्हणालं, तर तो कागद पाहायला मागा.

दुकान, शोरूम, हॉटेल, ऑफिस, आयटी कंपनी, कॉल सेंटर यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 लागतो. लोकांच्या तोंडी याचं नाव अजून 'गुमास्ता' असंच आहे. मूळ कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. 2025 च्या दुरुस्तीनं दिवसाचे 9 तासांचे 10 केले, सलग कामाची मर्यादा 5 वरून 6 तासांवर नेली आणि कायदा 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरता ठेवला. आठवड्याचे 48 तास तसेच राहिले, आणि अर्ध्या तासालाही हात लागलेला नाही. मला स्वतःला हा बदल पटलेला नाही. सहा तास उभं राहून साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या बाईला तो शेवटचा एक तास किती जड जातो, ते तिच्या पोटऱ्यांना विचारावं. पण नियम आहे तो असा आहे, आणि तक्रार त्याच्याच आधारे करावी लागते.

व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावर असाल, तर या तरतुदी तुम्हाला लागू नसतात. पण पद नुसतं नावापुरतं नसावं. हाताखाली एकही माणूस नसलेल्या पोराला 'असिस्टंट मॅनेजर' असं कार्ड छापून दिलं, म्हणून तो व्यवस्थापक होत नाही. काम काय करता, ते बघितलं जातं.

काहींच्या बाबतीत कायदा अपुरा आहे, तेही सांगायला हवं. चार-पाच माणसांच्या दुकानात कामाला असाल, तर आता या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. तिथे मालकाशी बोलून ठरवणं हाच मार्ग उरतो. घरकामगार बायकांसाठी राज्यात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण कामाचे तास आणि विश्रांती त्यात येत नाहीत. डिलिव्हरीच्या मुलांचंही तेच. ही उणीव फार मोठी आहे, आणि ती भरून निघेपर्यंत या लोकांनी एकत्र येण्याला पर्याय नाही.

सोळा-सतरा वर्षांचं पोर कामाला असेल, तर त्याचा हिशेब वेगळा. बाल व किशोरवयीन कामगारांच्या 1986 च्या कायद्याप्रमाणे त्याला सलग तीन तासांनंतर पूर्ण एक तास विश्रांती द्यावी लागते, विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच होऊ शकतात, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात त्याला कामाला लावता येत नाही. दुकानात 'शिकायला' ठेवलेल्या मुलांबद्दल हे कुणी बोलत नाही. आपल्या ओळखीतलं असं पोर असेल, तर आजच विचारा त्याला.

गोव्यात दुकानांसाठी वेगळा कायदा आहे, 1973 चा. तिथल्या वाचकांनी वरचे महाराष्ट्राच्या दुकानांचे आकडे धरून चालू नये.

आता हिशेब करा

कागद घ्या. पाळी सुरू होण्याची वेळ लिहा. कारखाना असेल तर त्यात पाच तास मिळवा, दुकान-ऑफिस असेल तर सहा. जी वेळ येईल त्याच्या आत सुट्टी सुरू झाली पाहिजे. दुपारी दोनची पाळी असेल तर संध्याकाळी सातच्या आत. रात्री दहाची असेल तर पहाटे तीनच्या आत. मॉलचं शोरूम सकाळी साडेदहाला उघडत असेल, तर साडेचारच्या आत.

मग दुसरा हिशेब. सुट्टीनंतर पाळी संपेपर्यंत किती तास उरतात? तेही मर्यादेच्या वर जाता कामा नयेत. काही ठिकाणी चलाखी अशी होते की सुट्टी पाळीच्या सुरुवातीलाच देऊन टाकतात. सातला आलेल्या माणसाला नऊला जेवायला पाठवायचं आणि मग ओव्हरटाइम धरून चारपर्यंत सरळ राबवायचं. नऊ वाजता कुणाला भूक असते? आणि साडेनऊ ते चार म्हणजे साडेसहा तास सलग झाले. हे नियमात बसत नाही. पाळी ओव्हरटाइमपर्यंत लांबली, तर मध्ये दुसरी सुट्टी लागते. बहुतेक जण इथेच गप्प बसतात, कारण ओव्हरटाइमचे पैसे मिळणार असतात.

चहाची दहा मिनिटं या अर्ध्या तासात धरायची नाहीत. आठ वाजता दहा मिनिटं, दहाला दहा मिनिटं आणि बाराला दहा मिनिटं, 'झाला की अर्धा तास' असा हिशेब मला एका एचआरच्या माणसानं सांगितला होता. कायद्यात 'किमान अर्धा तासाची' विश्रांती म्हटलं आहे. तिचे तुकडे जोडून ती पूर्ण होते असं मी मानत नाही, आणि तुम्हीही मान्य करू नका.

विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत धरला जात नाही, म्हणून साडेआठ तासांच्या पाळीत आठ तास काम आणि अर्धा तास सुट्टी असा मेळ असतो. पण त्या अर्ध्या तासात तुम्हाला काम करावं लागलं, तर तो कामाचाच वेळ झाला. त्यामुळे तास मर्यादेबाहेर गेले, तर त्याचा दर नेहमीच्या दुप्पट.

अर्धा तास मोजायचा कुठून

खरी भांडणं इथेच होतात. आमच्या कारखान्यात शॉपपासून, म्हणजे मशीनच्या विभागापासून, कॅन्टीनपर्यंत चालायला सहा मिनिटं लागायची. हाताचं ऑइल साबणाच्या चुऱ्यानं घासून काढायला चार. ताटाच्या रांगेत आठ-नऊ मिनिटं. परत यायला सहा. म्हणजे तीस मिनिटांतली प्रत्यक्ष जेवायला पाच-सहा मिनिटं उरायची. वरणभात कालवायचा, तोंडात कोंबायचा, पाणी पीत पीत चालायला लागायचं. आणि भोंगा वाजला तेव्हा मशीनसमोर उभं असलंच पाहिजे.

कायदा मिनिटांची अशी फोड करत नाही. तो विश्रांती म्हणतो. म्हणून एकट्यानं "मला पस्तीस मिनिटं द्या" म्हणण्यापेक्षा वेगळं मागा: कॅन्टीनच्या सुट्ट्या दोन-तीन तुकड्यांत लावा म्हणजे रांग कमी होईल, हात धुण्याची जागा शॉपच्या दारातच करा, लांबच्या शॉपसाठी पाच मिनिटं आधी सोडा. आमच्याकडे शेवटी तुकड्या लावूनच प्रश्न सुटला, आणि उत्पादनात काही फरक पडला नाही. व्यवस्थापनाला खर्चाची नसलेली सूचना दिली की ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या चार गोष्टी सुट्टीत मोडत नाहीत, एवढं पक्कं धरा. मशीन चालू ठेवून शेजारी बसून खाणं. फोन किंवा वॉकीटॉकी कानाला लावून, बोलावणं आलं की उठायच्या तयारीत बसणं. गिऱ्हाईक आलं की डबा झाकणं. आणि सुट्टीत 'फक्त पाच मिनिटांची' मीटिंग. या चारही वेळी तुम्ही कामावरच असता.

वॉचमनकाकांची गोष्ट सगळ्यात वाईट. बारा तासांची ड्यूटी, गेटवर एकटा माणूस, रिलीव्हर म्हणजे बदली माणूस नाही. मी एका सोसायटीच्या गेटवर पाहिलं आहे, डाव्या हातात पोळीची गुंडाळी आणि उजव्या हातानं गाड्यांचे नंबर वहीत टिपणं चालू. तिथे सुट्टी मागायची तर रिलीव्हर मागावा लागतो, आणि तो मागणीचा शब्द अर्जात आलाच पाहिजे. सुरक्षा रक्षक मंडळात नोंद असलेल्यांसाठी 1981 च्या राज्य कायद्याखालचं मंडळ आहे, त्यांनी तक्रार तिथेही करावी. आणि सोसायटीचे सभासद हे वाचत असतील, तर त्यांनी एजन्सीबरोबरच्या करारात जेवणाच्या वेळी अर्ध्या तासाचा बदली माणूस लिहून घ्यावा. फार मोठा खर्च नाही हा.

पाणी, संडास, बसायची जागा

जेवणाच्या सुट्टीइतकंच हे महत्त्वाचं, आणि बायकांसाठी तर जास्तच. संडासला जायला टोकन, टोकन परत येईपर्यंत दुसरीनं थांबायचं, आणि पाच मिनिटांवर गेलं की वहीत नाव, असं पॅकिंगच्या कितीतरी विभागांत चालतं. मग बायका पाणीच पीत नाहीत. सकाळी घरातून निघताना अर्धा पेला, ते थेट संध्याकाळी. लघवीची जळजळ, ताप, दवाखाना हे सगळं त्यातून येतं. पिण्याचं पाणी आणि पुरुष-स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहं ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. ती बांधून त्यांना कुलूप लावलं किंवा जाऊच दिलं नाही, तर ती दिली असं होत नाही. टोकनची पद्धत तुमच्याकडे असेल, तर तक्रारीत तिचा वेगळा परिच्छेद करा.

उभ्यानं काम करणाऱ्यांना मधेमधे टेकायला आसन द्यायचं, हे कारखान्यांच्या कायद्यात पूर्वीपासून आहे. दुकानांसाठी केरळनं 2018 मध्ये तशी तरतूद केली, कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला म्हणून. तमिळनाडूनं 2021 मध्ये केली. आपल्याकडच्या शोरूममधल्या मुलींनीही स्टूल मागावं.

कॅन्टीनसाठी जुन्या कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगारांची अट होती. नव्या संहितेत हा आकडा 100 वर आला आहे, आणि त्यात ठेकेदाराचे कामगारही मोजायचे आहेत. हे ठेकेदाराकडच्या पोरांनी मुद्दाम वाचावं. कायमच्या लोकांना कॅन्टीन आणि तुम्ही शेडमागे विटेवर बसून जेवायचं, ही पद्धत मी डोळ्यांनी बघितली आहे आणि मला तिची चीड आहे. कंत्राटी कामगारांच्या अशा सोयींची जबाबदारी संहितेनं मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवरच टाकली आहे. "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर कंपनीला देता येत नाही.

बाळंतपणानंतर कामावर आलेल्या आईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज दूध पाजायला आणखी दोन सुट्ट्या मिळतात. जेवणाच्या सुट्टीतून त्या वळत्या करता येत नाहीत. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. या चारांत मात्र नेहमीची विश्रांती धरलेली आहे. पाळणाघर नाही म्हणून ज्यांनी नोकरी सोडली अशा दोघीजणी माझ्या माहितीतल्या आहेत. दोघींनाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

बोर्ड वाचा, आणि डायरी ठेवा

कारखान्यात कामाच्या वेळांची नोटीस दर्शनी जागी लावावी लागते, बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतसुद्धा. गेटजवळ किंवा टाइम ऑफिसच्या भिंतीवर बघा. त्यावर सुट्टीची वेळ छापलेली असते. बोर्डावर 10.30 ते 11.00 आणि प्रत्यक्षात 11.45, असं असेल तर तुमचा अर्धा पुरावा भिंतीवरच टांगलेला आहे. तो मजकूर उतरवून घ्या. फोन आत न्यायला बंदी असेल, तर फोटोच्या फंदात पडू नका, त्यावरूनच मेमो देतात. पेनानं लिहा.

आणि डायरी. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आजवर जेवढ्या तक्रारी उभ्या राहिलेल्या पाहिल्या, त्या सगळ्या डायरीच्या जोरावर.

आमच्याच पट्ट्यातल्या एका युनिटमध्ये पॅकिंगला असलेली एक ताई, सातवी शिकलेली. तिनं खिशात मावेल अशी वही घेतली आणि रोज चारच गोष्टी लिहिल्या: आत आले, सुट्टी झाली, परत उभी राहिले, बाहेर पडले. शेवटी एक शब्द कारणाचा. 'गाडी भरायची होती.' 'माणूस कमी.' 'साहेब ओरडले.' एकेचाळीस दिवस. त्यातले तेहतीस दिवस सुट्टी पाच तासांनंतर झालेली, आणि अकरा दिवस ती वीस मिनिटांच्या आत गुंडाळलेली. व्यवस्थापनानं आधी सांगितलं, आमच्याकडे सुट्टी वेळेवरच होते, एखाद्या दिवशी मागेपुढे झालं असेल. ताईनं वही टेबलावर ठेवली आणि पानं उलटत गेली. साहेब बराच वेळ वाचत होते. पुढच्या सोमवारपासून पॅकिंगची सुट्टी साडेदहाला व्हायला लागली. तक्रार करायचीच वेळ आली नाही.

लिहिताना एवढं पाळा. त्याच दिवशी लिहा, आठवड्याचं एकदम लिहू नका. घड्याळाची नेमकी वेळ लिहा, 'साधारण साडेअकरा' नको, '11.38' लिहा. ज्या दिवशी सुट्टी वेळेवर मिळाली तो दिवसही लिहा, कारण सगळेच दिवस वाईट लिहिलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. वहीत पान फाडू नका, खोडलंत तर एक रेघ मारून वर लिहा. शेजारच्या मशीनवरच्या दोघांनीही आपापली वही ठेवली तर फार बरं. तीन वह्यांत एकच वेळ आली की ती खोडून काढणं अवघड जातं. वही घरी न्या, लॉकरमध्ये नको. आणि पगाराच्या पावत्या त्याच पिशवीत ठेवा.

आधी तोंडी, मग लेखी

वीस-पंचवीस दिवसांची नोंद झाली की सुपरवायझरशी बोला. एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा. आवाज चढवू नका. वाक्य साधं ठेवा: "साहेब, गेल्या महिन्यात सुट्टी बहुतेक दिवशी साडेअकराच्या पुढं झाली. बोर्डावर साडेदहा आहे. उद्यापासून वेळेवर सोडा." "सोडाल का" नको, "सोडा" म्हणा. पुष्कळदा सुपरवायझरलाही नियम माहीत नसतो, त्याच्यावर वरून टार्गेटचा दट्ट्या असतो. त्याला शत्रू करून काही मिळत नाही.

आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर अर्ज. नमुना देतो, आपल्या वेळा घालून उतरवून घ्या:

"प्रति, मा. कारखाना व्यवस्थापक. विषय: जेवणाची सुट्टी वेळेवर मिळण्याबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे कामगार पॅकिंग विभागात पहिल्या पाळीत सकाळी 6.00 वाजता कामावर येतो. दर्शनी फलकानुसार सुट्टीची वेळ 10.30 ते 11.00 आहे. प्रत्यक्षात सोबत जोडलेल्या तक्त्यातील तारखांना सुट्टी 11.00 नंतर सुरू झाली, तर काही दिवशी ती अर्ध्या तासापेक्षा कमी मिळाली. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती मिळणे कायद्याने आवश्यक आहे. तरी सुट्टी फलकानुसार द्यावी व सुट्टीच्या वेळेत मशीनवर बदली कामगाराची व्यवस्था करावी, ही विनंती."

खाली तारीख, सह्या, आणि तक्ता. शिव्या, पगारवाढ, बोनस, सुपरवायझरचा स्वभाव यातलं काहीही या अर्जात घालू नका, एका अर्जात एकच विषय ठेवा. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर 'मिळाला' असा शिक्का किंवा सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीला टाचून ठेवा. युनियन असेल तर तिच्या लेटरहेडवर पाठवा, त्याचं वजन पडतं.

तक्रार कुठे

पंधरा-वीस दिवस वाट बघा. मग कारखान्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात करा. जुने लोक याला 'फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस' म्हणतात. दुकान-ऑफिसची तक्रार मुंबईत महानगरपालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे, बाकी जिल्ह्यांत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. 'आपले सरकार' पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते आणि तिचा टोकन क्रमांक मिळतो. पण जमेल तर हातानंही नेऊन द्या आणि आवक क्रमांक घ्या.

अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'माझे नाव गोपनीय ठेवावे.' तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं उघड करायचं नाही, असं बंधन कारखाने कायद्यातच घातलेलं होतं. तरी लिहा, लिहिलेलं दिसतं. डायरीची मूळ वही देऊ नका, झेरॉक्स द्या.

महिन्याभरात काही हाललं नाही, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली, तपासणी झाली असल्यास अहवालाची प्रत. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. यात मात्र अर्जदाराचं नाव द्यावं लागतं, म्हणून तो अर्ज कारखान्याबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसानं त्याच्या नावानं, फक्त त्या आस्थापनेची तपासणी झाली का आणि अहवाल काय, एवढंच विचारत केलेला बरा.

सुट्टीत केलेल्या कामाचे किंवा ओव्हरटाइमचे पैसे थकले असतील, तर तो वेगळा दावा. वेतन संहितेत त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. पूर्वी एकच वर्ष होतं, त्यामुळे 'उशीर झाला' म्हणून सोडून देऊ नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

तक्रारीनंतर पाळी बदलणं, लांबच्या विभागात टाकणं, बारीकसारीक कारणांवरून मेमो देणं सुरू होऊ शकतं. तेही त्याच वहीत लिहा, तारखेसकट. मेमोचं उत्तर मुदतीत आणि लेखीच द्या. कोऱ्या कागदावर किंवा इंग्रजीत छापलेल्या, न कळणाऱ्या कागदावर सही करू नका. "घरी दाखवून उद्या देतो" एवढं म्हणा.

निरीक्षक येतात त्या दिवशी सकाळपासून शॉप झाडून घेतात, पाण्याची टाकी धुतात, आणि सुट्टी बरोबर साडेदहाला होते. त्या दिवशी गप्प राहू नका. निरीक्षक शेजारून जाताना विचारतात, "सुट्टी वेळेवर होते का?" साहेब मागे उभे असतात, म्हणून सगळे माना डोलावतात आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते. त्यापेक्षा खिशातली वही आधीच कुणाकडे तरी ठरवून ठेवा, आणि त्यानं एवढंच सांगावं: "आज साडेदहाला झाली साहेब. काल अकरा चाळीसला झाली होती. परवा अकरा पंचवीसला."